रोज काहीतरी सापडलं पाहिजे

बॉम्बशोधक पथकातला फौजदार आणि त्याला सांभाळणारा हवालदार एकाच दिवशी निवृत्त झाले. फौजदार म्हणजे कुत्रा. पहिल्या आठवड्यात फौजदार सोफ्याखाली हुंगत फिरायचा, हवालदार बायकोच्या डब्यांची झडती घ्यायचा आणि दोघंही अर्ध्या जेवणावरून उठायचे.

मग एका सकाळी हवालदार दारूगोळ्याच्या वासाची जुनी चिंधी चपलांच्या स्टँडमागे लपवताना बायकोला दिसला.

"अहो, हे काय नवीन?"

"अगं, बरेच दिवस काही सापडलं नाही की कुत्रं मनातून खचतं. म्हणून ड्युटीवरसुद्धा आम्हीच काहीतरी लपवून ठेवायचो. बिचाऱ्याला वाटतं, आपल्यावाचून पथकाचं पान हलत नाही. त्याला कळू मात्र द्यायचं नाही हं!"

फौजदारानं चिंधी शोधली, शाब्बासकी आणि बिस्कीट मिळवलं आणि शेपटी उंच करून घरभर मिरवून घेतलं.

याला सहा महिने झाले. आता दोघंही पोटभर जेवतात. हवालदाराची तक्रार एकच, बायको हल्ली फार विसरभोळी झालीय. कधी किल्ली हरवते, कधी चष्मा, आज तर चहाचं गाळणं. त्यानं अर्धा तास घर पालथं घातलं आणि गाळणं शोधून काढलं, तेही कपड्यांच्या कपाटातून.

"मी नसतो तर या घराचं काय झालं असतं, कोण जाणे!" तो छाती फुगवून म्हणाला.

 

"शाब्बास!" म्हणत बायकोनं त्याच्यापुढे बिस्कीट धरलं.