बुधवारचा रकाना

या, जवळ सरका. टाळ घडीभर मांडीवर ठेवा. बुवा पाणी पिऊन पुन्हा उभे राहतील, तोवर एक गोष्ट सांगतो. पुराणातली नाही, आपल्या बीडचीच.

नगरपालिकेच्या बैठकीत पाच वाजून दहा मिनिटं झाली आणि सुंदरबाई तिसऱ्यांदा खुर्चीवरून उठली.

"बसा मावशी, झालंच," रोहिणीताई म्हणाल्या. त्या पालिकेच्या समूह संघटक. त्यांच्यापुढे सात वारांचा तक्ता होता. एका मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी रुग्णांच्या नातेवाइकांना जेवण मिळतं, ते देणाऱ्या मंडळांनी वार वाटून घ्यायचे आणि धान्याला, गॅसला पालिकेनं अनुदान द्यायचं, अशी योजना. अट एकच. सातही वार भरलेले हवेत. एक जरी कोरा राहिला तर फाइल परत. आणि फाइल आजच साहेबांच्या टेबलावर जायची होती.

सहा वार चुटकीसरशी भरले. सोमवार महादेवाचा, तो कल्याणआप्पांच्या व्यापारी मंडळानं घेतला. मंगळवार देवीचा, तो नगरसेवक विजयसिंहांचा. शुक्रवारही देवीच्याच दुसऱ्या मंडळाचा, शनिवार मारुतीवाल्यांचा, रविवार खंडोबाचा. गुरुवारासाठी तर तीन मंडळं हातघाईवर आली.

"गुरुवार सोडला तर दत्ताला काय तोंड दाखवू?"

"बुधवारी दत्त जेवत न्हाई का बे?" विजयसिंह म्हणाले. सगळे हसले. बुधवार मात्र कुणी घेतला नाही. खरं तर बुधवार पांडुरंगाचा. पण त्याची माणसं म्हणजे आपण. आपण एकादशी तेवढी धरून बसलो होतो, वार पाळतच नव्हतो.

सुंदरबाईनं पुन्हा घड्याळाकडं पाहिलं. जेवणाऱ्यांपैकी एक जण बैठकीला हवा असा नियम, म्हणून रोहिणीताईंनी तिला फाटकाशी लागलेल्या रांगेतून उठवून आणलं होतं. साठीची बाई. मांडीवर धुतलेलं पांढरं फडकं आणि एक स्टीलचा डबा. फडक्याची घडी ती सारखी मोडत होती, सारखी घालत होती.

"मॅडम, अजून एक ठराव लिवा," विजयसिंह म्हणाले. "तिथंच बसून खायचं, बांधून न्यायचं न्हाई. मह्या मंगळवारी मी लई बघितलंय. अर्धी पोळी खायची, अर्धी पदरात लपवायची. ह्या मावशी तर फडकंच घेऊन यायल्यात!"

"पुरवठा कमी पडतो तो असा," कल्याणआप्पांनी मान डोलावली.

"बाप्पा, मला जाऊ द्या," सुंदरबाई म्हणाली. "आज मंगळवार हाय."

"भूक लागली का? पातेलं कुठं पळून चाललंय?"

"पळतंय बाप्पा. साडेपाचला रिकामं व्हतंय."

पुन्हा हशा झाला. रोहिणीताईंनी ठराव लिहायला घेतला. खाली जेवणाऱ्यांच्या प्रतिनिधीची सही आणि पासाचा नंबर हवा होता. सुंदरबाईनं कमरेच्या पिशवीतून पास काढला. रोहिणीताईंनी तो उलटसुलट करून पाहिला.

"मावशी, हा तर दिवाळीतला पास. तुमचे मालक कोणत्या वॉर्डात आहेत?"

"वारले. दिवाळीच्याच पाडव्याला."

"घ्या!" विजयसिंहांनी टेबलावर थाप मारली. "पेशंटच न्हाई अन् चार महिने रांगेत!"

"राहता कुठं?" रोहिणीताईंनी हळूच विचारलं.

"कड्याला. मंगळवारी यष्टीनं येते, बुधवारी रातच्या गाडीनं जाते."

"एवढ्या लांबून? कशासाठी, मावशी?"

सुंदरबाईनं एकदा घड्याळाकडं पाहिलं. मग भराभर बोलली, जसं उतरायचं ठिकाण जवळ आल्यावर माणूस बोलतं.

"आमी पयल्यांदा आलतो तवा बुधवार व्हता. मालकाला आत घेतलं, मी फाटकाशी बसले. लोक म्हणले, हितं जेवाया मिळतंय. दिवस बुडाला, कुणीच आलं न्हाई. मग माजलगावाकडच्या एका बाईनं पदरातली अर्धी पोळी काढून दिली. म्हणली, बुधवारी कुणी येत न्हाई, म्हणून आमी मंगळवारची राखून ठेवतो. तिचा पेशंट बरा झाला. जाताना फडकं मह्या हातात दिलं. म्हणली, आता बुधवार तुमच्याकडं." तिनं डब्यावर हात ठेवला. "रांगेतलं परतेक माणूस अर्धी पोळी ह्या फडक्यात टाकतंय. उद्या जे नवं येईल त्याला. चटणी तेवढी मी घरून आणते."

पाच पंचवीस झाले होते.

विजयसिंहांनी खिशातून फोन काढला. "हां, पातेलं उचलू नको. झाकून ठेव. मावशी यायल्यात." मग कुणाकडं न बघता म्हणाले, "मॅडम, तो ठराव खोडा."

रोहिणीताईंनी आडवी रेघ मारली. मग पेन कोऱ्या रकान्यावर नेलं. "मावशी, बुधवारला मंडळाचं नाव काय लिहू?"

सुंदरबाई तोवर दारात पोचली होती.

"मंडळ कुठलं बाई. रांग हाय."

तसंच लिहिलं गेलं. सातही वार भरले, फाइल गेली. आपल्या मंडळातलं त्या बैठकीत कुणी तोंड उघडलं नाही, आणि तिथं आपल्यातलं कोण होतं ते विचारू नका.

बुवा उठले, टाळ घ्या हातात. फक्त येत्या बुधवारी ताटावर बसाल, पहिली पोळी मोडाल, तेव्हा देवाचं नाव घ्यायच्या आधी कड्याच्या सुंदरबाईला एकदा आठवा. पांडुरंगाचा वार आपण सोडला होता. तिनं तो फडक्यात बांधून सांभाळला.