हाताने घातलेला पॉइंट

"ताई, छापखाना चालवलात की काय?"

मफलरने दारातच विचारलं. कॉम्प्युटरच्या एसी खोलीत बसतो म्हणून बारा महिने गळ्यात मफलर, त्यामुळे सगळं हॉस्पिटल त्याला मफलरच म्हणायचं. आज दाताच्या डॉक्टरकडे जाऊन तो बारा वाजता उगवला होता. अर्धा गाल अजून बधिर होता.

"अकरालाच चालवला. का रे?" ताई म्हणाली.

छापखाना म्हणजे ताईनेच लिहिलेला प्रोग्राम. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, एंटर मारायचं. तो औषधांचा तक्ता वाचतो आणि प्रत्येक औषधासाठी कोडची एकेक फाईल आपणहून लिहून काढतो. वॉर्डातल्या स्क्रीनवर डोस दिसतो तो त्या फायलींतून. तीनशे औषधं, नऊ सेकंद. आज तक्त्यात दोन नवी औषधं आली होती, म्हणून तिने तो चालवला होता. कुठे काही अडलं नाही, त्यामुळे स्वारी खुशीत होती.

मफलर खुर्चीवर बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"नवजात बाळांना श्वासासाठी देतात ना, ते थेंब. तक्त्यात पॉइंट राहिला होता. झीरो पॉइंट पाचच्या जागी नुसतेच पाच. काका तेव्हा रजेवर, आणि तक्त्याचा पासवर्ड त्यांच्याकडे. म्हणून मी फाईलमध्येच पॉइंट घातला. हाताने."

काका म्हणजे औषधांच्या खिडकीवरचे फार्मासिस्ट. तक्त्याला हात लावायचा अधिकार त्यांचा एकट्याचा.

"कधी घातलास?"

"पंधरा दिवस झाले. सांगायचं राहिलं."

छापखाना प्रत्येक फाईलच्या माथ्यावर एक ओळ टाकतो: ही फाईल छापखान्याने लिहिली आहे, हात लावू नये. मफलरने ती ओळ वाचली होती आणि तिच्याच खाली हात घातला होता. शिकलीसवरलेली माणसंच असले उद्योग करतात. हाताने केलेली दुरुस्ती पुढच्या छपाईपर्यंतच टिकते. छापखाना फक्त तक्ता बघतो, फाईलमध्ये आधी कुणी काय केलं होतं ते त्याच्या खिजगणतीतही नसतं. आणि पुढची छपाई आज अकरा वाजता झाली होती.

ताईने शिव्या देण्यात वेळ घालवला नाही. तिने बाळांच्या वॉर्डचा नंबर फिरवला. फोन वाजत राहिला. "उचला हो," मफलर पुटपुटत होता.

"बोला," सिस्टरांचा आवाज आला.

"सिस्टर, ते श्वासाचे थेंब. आज कुणाला आहेत?"

"एकालाच. खिडकीजवळच्या काचेच्या पेटीतलं बाळ."

"दिले नाहीत ना अजून?"

"दिले की. साडेअकराला."

ताईला पुढचा प्रश्न विचारायलाच हवा होता आणि तो तोंडातून निघत नव्हता. मफलर मटकन खाली बसला. शेजारी खुर्ची होती, तरी जमिनीवर.

"किती दिले, सिस्टर?"

"स्क्रीनवर होते तेवढे. थांबा, कागद बघून सांगते." पानं चाळल्याचा आवाज आला, आणि तो काही केल्या संपेना. "हं. अर्धा मिली."

"पुन्हा सांगा."

"अर्धा मिली. झीरो पॉइंट पाच. का हो, कमी पडले का?"

"नाही. बरोबर आहेत. अगदी बरोबर आहेत," ताई म्हणाली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

फोन खांद्यात दाबून तिने तक्ता उघडला. पॉइंट जागेवर होता. शेवटच्या रकान्यात दुरुस्ती कुणाची ते लिहिलेलं होतं. काकांची, आणि तारीख ते रजेवरून परतले त्या सोमवारची. रजेवरून आल्यावर काका तीनशेच्या तीनशे ओळी कपाटातल्या पुस्तकाशी ताडून बघतात, हे आजवर या खोलीत कुणालाही माहीत नव्हतं.

"मला एका शब्दाने बोलले नाहीत ते," मफलर जमिनीवरूनच म्हणाला.

"तू बोलला होतास?"

मफलरचे डोळे भरून आले होते, आणि बधिर गालावरून पाणी ओघळत होतं त्याचा त्याला पत्ता नव्हता. ताईला त्याला फैलावर घ्यायचं होतं, पण ते उद्या. छापखान्यालाही उद्याच शिकवायचं होतं, की कुणी हात लावलेली फाईल दिसली तर अडून बसायचं, पुढे सरकायचं नाही. आज अंगात त्राण नव्हतं, आणि तरीही तिला इतकं हलकं वाटत होतं की हसू येत होतं.

"झालं का तुमचं?" सिस्टर म्हणाल्या. "ठेवते मी. इथे कान किटलेत माझे."

त्यांच्या मागून कुणाचं तरी रडणं ऐकू येत होतं. बारीक, पण चिवट.

"कोण रडतंय, सिस्टर?"

"तेच की. खिडकीजवळचं. सकाळी धड आवाज फुटत नव्हता, आणि आता थांबायचं नाव नाही."

"ठेवू नका," ताई म्हणाली. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि खाली वाकून मफलरच्या शेजारी जमिनीवर ठेवला. "जरा रडू द्या त्याला."