नोंद नसलेला शिक्का

"हा शिक्का माझा नाही," लीलाताई पाध्येंनी फोनवर दुसऱ्यांदा सांगितलं.

मुंबईच्या व्हिसा कार्यालयातून कागदाची प्रत मेलवर आली होती. मराठी संमतिपत्राचं जर्मन भाषांतर आणि खाली गोल जांभळा शिक्का : लीला पाध्ये, अधिकृत भाषांतरकार, रत्नागिरी. लीलाताईंनी ती मोठी करून पाहिली आणि तेच उत्तर लेखीही कळवलं. पलीकडच्या बाईने आभार मानले. हल्ली असले कागद फार येतात, म्हणाली.

ते काही खोटं नव्हतं. मागच्या वर्षी एसटी स्टँडजवळच्या एका कॉम्प्युटरवाल्याने लीलाताईंच्या पीडीएफवरून शिक्का उचलून राजापूरच्या दोघांच्या दाखल्यांवर चिकटवला होता. त्यात त्यांची मान्यताच जायची, थोडक्यात वाचली. मग त्यांनी पक्का बंदोबस्त केला. प्रत्येक भाषांतराला एक क्रमांक आणि शेजारी क्यूआर कोड. त्यावर मोबाईल धरला की लीलाताईंच्या संकेतस्थळावरची मूळ प्रत उघडायची. उघडली नाही, की कागद बनावट.

ह्या कागदावरही कोड होता. मोबाईल धरला की ‘अशी नोंद नाही’ एवढंच उमटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत मयेकर फाटक ढकलून आत आला. चपला न काढताच टेबलापाशी येऊन उभा राहिला. जर्मनीत एका कारखान्यात नोकरीला होता, रजेवर आलेला. जाताना मुलीला, ओवीला, कायमची घेऊन जाणार होता. तिची आई तेजस्वी इथेच राहणार होती. मुलीला पाठवायला आपली हरकत नाही, असं तिने लिहून दिलेलं ते संमतिपत्र. आता शिक्का बनावट म्हणून ओवीचा व्हिसा नाकारला गेला होता.

"ओ बाई, ह्याच खुर्चीत बसलेलो मी. माझ्यासमोर शिक्का मारलात. आता नाय म्हणता?"

लीलाताईंनी त्याला आवाज खाली करायला सांगितलं. त्याने टेबलावरचा जाडजूड शब्दकोश उचलला आणि भिंतीवर फेकला. त्यांनी पोलीस ठाण्याला फोन लावला. फोन ऐकून विनीत पळाला नाही. उलट म्हणाला, चला, मीच येतो, होऊन जाऊ दे.

ठाण्यात उपनिरीक्षक मनस्वी शिर्के होत्या. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं आणि विनीतला आधी बोलू दिलं. पावती आहे का, विचारलं. त्याने घेतली नव्हती. मेल केला होता का? नाही, कागद हातात नेऊन दिलेला. बरोबर कुणी होतं? कुणी नव्हतं. खोलीत निळा पडदा आहे, त्याने सांगितलं. तो तर तुम्ही आज सकाळीही पाहिलात, मनस्वी म्हणाल्या.

"बाईंनी पन्हं दिलेलं मला."

"मे महिन्यात कुणाकडे पन्हं नसतं?"

विनीत ताडकन उठला. ही म्हातारी खोटारडी आहे, तो म्हणाला, हिला मी सोडणार नाही. हवालदाराने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं.

मग मनस्वी लीलाताईंकडे वळल्या. शिक्का मारला आणि नोंद करायची राहून गेली, असं कधी होतं का?

"होऊच शकत नाही. नोंद केल्याशिवाय क्रमांकच पडत नाही," लीलाताई म्हणाल्या.

मनस्वींनी स्वतःचा मोबाईल कागदावर धरला. ‘अशी नोंद नाही.’ तो मोबाईल त्यांनी विनीतच्या तोंडासमोर नेला.

"शिक्का राहू दे," तो ओरडला. "सही तर तेजस्वीचीच हाय ना? ती कशी करून घेतली, तो माझा प्रश्न."

मनस्वींनी लिहिणं थांबवलं.

"कशी करून घेतलीत?"

विनीतने मान फिरवली. मनस्वींनी ते वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवून घेतलं. मग बनावट शिक्का वापरल्याची तक्रार लीलाताईंच्या नावाने तयार झाली. सही करताना लीलाताईंचा पेन मध्येच थांबला. मनस्वींनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. घाबरू नका, म्हणाल्या, अशा माणसाला कुणीतरी अडवायलाच हवं होतं. लीलाताईंनी सही पुरी केली. उठताना विनीतने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होताच. पण त्याहून जास्त, हे आपल्या बाबतीत घडतंच कसं, असा गोंधळ होता.

त्याला ठाण्यातच थांबवून घेतलं.

घरी येऊन लीलाताईंनी शब्दकोशाची सुटलेली पानं गोळा केली. चहा टाकला, तो उतू गेला. संध्याकाळी फोन वाजला. तेजस्वीचा होता, संगमेश्वरजवळच्या माहेरून. पोलिसांनी तिलाही जबाबासाठी बोलावलं होतं. सही कशी करून घेतली, ते ती सगळं सांगणार होती. ओवी अंगणात खेळत होती. कित्येक दिवसांनी तिला एकटीला खेळायला सोडलं होतं. मग तेजस्वीने विचारलं, तो शिक्का बनावट केला कुणी, ते कळलं का?

लीलाताईंनी उठून खिडकी लावून घेतली.

"कुणीच नाही. विनीत खरं तेच सांगत होता. तो मीच मारलाय, त्याच्यासमोर. नोंद पुसली ती नंतर, तू येऊन रडून गेलीस त्या दिवशी."