पाठ टेकल्यावर

तालमीतल्या विश्वजितला थायलंडला, मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या कॅम्पला धाडायचा हट्ट कोंडीबा वस्तादांचाच. त्यांनी कडेगावात शड्डू ठोकला की पाटणात म्हशी बुजायच्या; अशा माणसाला नाही कोण म्हणणार?

पहिली लढत सगळ्या तालमीनं मोबाईलवर बघितली. विश्वजितनं धोबीपछाड मारून समोरच्याची पाठ टेकवली आणि तालमीच्या रिवाजाप्रमाणं त्याला उठवायला हात दिला. तो उठला तो विश्वजितच्या जबड्यावर लाथ घालूनच.

"आण्णा, हितं पाठ टेकली तरी लढत संपत न्हाई," सुजल्या तोंडानं विश्वजित फोनवर म्हणाला. "पडल्याला हानत्यात. माझा हातच उठंना."

"मग तेच शिक की रं! हात द्यायला गेलायस व्हय तितं?" वस्ताद गरजले.

महिन्यानं पुन्हा फोन आला. "आण्णा, जिंकलो! खाली पाडला आन् निपचित हुईस्तवर हानला."

तालमीत शिट्ट्या वाजल्या. वस्तादांनी मात्र हात वर करून त्या थांबवल्या.

"आता कसा हाय रं त्यो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोण, आण्णा?"