धारेचं दूध

"इसको अलग बांधो, अम्मा," जनावरांचा डॉक्टर म्हणाला.

"किधर बांधूं? छत पे?"

पद्मावतीबाईंना काही कळेना. मागल्या महिन्यात सरकारी पथक अंबरपेठेत गोठ्यागोठ्यानं फिरलं, प्रत्येक म्हशीच्या मानेतून रक्त काढून गेलं. आज निकाल आला. त्यांच्या राणीच्या रक्तात रोग निघाला. आणि राणी समोर उभी राहून मजेत कडबा खात होती. आत्ताच तिनं चरवीभर दूध दिलं होतं.

"बीमारी है तो दवा देओ."

"इसकी दवा नहीं देते जानवर को."

"फिर खून कायकू निकाले?"

"मालूम करने को," डॉक्टर म्हणाला आणि जरा वरमला. "दूध किसको देते?"

"हॉटेल को. वो लोगां उबालते."

"उबाला तो डर नहीं. घर में कच्चा कौन पीते?"

"कोई नहीं," पद्मावतीबाई म्हणाल्या. "हमको जंगली समझे क्या?"

खोटं तोंडातून निघून गेलं. शिकलेल्या माणसासमोर अडाणी ठरायची लाज, दुसरं काही नाही.

"अच्छा है. ये आदमी को लगती. बुखार आता-जाता, कमर दुखती. कोई औरत पेट से रही तो बच्चा भी गिर सकता."

बाई कडब्याच्या पेंढीवर बसल्या. सून रेणूचं पहिलं पोर पोटातच, तिसऱ्या महिन्यात गेलं होतं. या खेपेला दिवस राहिल्यापासून त्यांनी हयगय केली नव्हती. घरात सगळ्यांना तापवलेलं दूध, पोटच्या लेकालासुद्धा. रेणूला तेवढं धारेचं, सडातून थेट ग्लासात, कोमट असतानाच. तापवलं की कस जातो. मग चुकलं कुठं? संध्याकाळी तिला बारीक ताप येतो. कोठी भागातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. घरात म्हैस आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. पद्मावतीबाईंनीही सांगितलं नाही. ताप आणि म्हैस, कोण जोडणार?

"साब, किसी औरत ने पिया हो तो... उसका खून आप देखते?"

"हम जानवरों का देखते. औरतों का दवाखाना अलग."

"दवाखानेवालों को आप बोलते क्या, इस घर की भैंस ऐसी है बोलके?"

"नहीं अम्मा. उनका डिपार्टमेंट अलग."

गल्लीतल्या एकूणएक म्हशीच्या कानात पिवळा बिल्ला ठोकणाऱ्या पथकाला या घरात किती बायका आहेत हेही ठाऊक नव्हतं. त्यांना ते कुणी विचारायला सांगितलंच नव्हतं.

"पर पीनेवाली को तो कुछ नहीं दिखता," बाई म्हणाल्या. "अच्छी-भली है."

"इसको दिखता क्या?" राणीकडं बोट दाखवून डॉक्टर म्हणाला. मग थबकला. "कौन अच्छी-भली है, अम्मा?"

"कोई नहीं. ऐसेइच पूछी."

 डॉक्टर पेटी उचलून शेजारच्या गोठ्याकडं निघाला.

आतून रेणू आली. एक हात पोटावर, दुसऱ्यात रिकामा ग्लास.

"अत्याबाई, कोण होतं? काय म्हणत होते?"

तिच्या वरच्या ओठावर दुधाचा फेस होता.

पद्मावतीबाईंनी पदरानं तिचा ओठ पुसला. परत पुसला. अजून एकदा, जोरात.

"दुखतंय ना, अत्याबाई."

शेजारच्या गोठ्यातून डॉक्टरचा आवाज स्वच्छ ऐकू येत होता: "घर में कच्चा कौन पीते?"