आप्पांची उबळ

वर्कशॉपमध्ये बारा बूथ होते, बारा पट्ट्या होत्या आणि बारा यांत्रिक हातमोजे होते. बाराही मोज्यांत एकाच माणसाचा हात भरलेला होता. हणमंत पांचाळांनी मरण्याआधी आपल्या हाताची प्रत्येक हालचाल आयटीआयसाठी नोंदवून ठेवली होती. मोजा घातला की मुलांचे हात त्यांच्यासारखे वेल्डिंग करत.

आज अंतिम परीक्षा होती. जोडलेली पट्टी वाकवायची. तडा तीन मिलिमीटरच्या वर गेला की नापास. अकरा पट्ट्या मधोमध तडकल्या, प्रत्येकी चार मिलिमीटर.

"उबळ तुझ्या आप्पांना आली आणि नापास आम्ही," अकरांपैकी एक, समाधान, बाकावर अंग टाकत म्हणाला.

उज्ज्वला पांचाळ आपली बारावी पट्टी घेऊन बूथपाशी गेली. हात नोंदवताना हणमंतआप्पांना मध्येच खोकल्याची उबळ आली होती. तिथे मोजा अडायचा, वेल्डिंगची ज्योत, म्हणजे आर्क, तुटायचा आणि सांध्यात धातूची मळी राहून तो कच्चा पडायचा. शिकवणारे खोपडे सर वर्षभर वरच्या कार्यालयाकडे दुसऱ्या कुणाच्या हाताची नवी नोंद मागत होते.

"सर, मोजा काढू का?"

"नुसत्या हाताने कधी केलंयस?"

"नाही."

"मग घाल बाई," सर डोळे चोळत म्हणाले.

तिने मोजा घातला. आप्पांचा हात संथपणे सरकू लागला. मध्याजवळ मनगट किंचित थरथरले. घरी आप्पांचे मनगट असे थरथरले की खोकला येणार हे ओळखून ती पाणी आणायला धावायची. आता तिने दात आवळले आणि मोज्यातल्या मोटारीच्या विरोधात तो हात न थांबवता पुढे रेटला.

सरांनी पट्टी वाकवली आणि भिंग लावले. तडा दोन मिलिमीटर होता.