अर्ध्या कॅनची फेरी

“आज अर्ध्या कॅनात पलीकडं नेतो. नाय नेलं तर नाव बदला माझं,” असं म्हणत भिमाजीने बोटीची दोरी सोडली.

बोटीतल्या तिघी बायका फळ्यांवर सावरून बसल्या. नाव बदलून काय पेट्रोल स्वस्त होणार होतं? तिघींच्या पायाशी घेवड्याच्या पाट्या होत्या. घोटीचा बाजार शनिवारचा, आणि धरणाच्या पाण्यापलीकडे डांबरी रस्त्यावर येणारी जीप कुणासाठी थांबत नसे.

बोट बचत गटाची. खरं म्हणजे फुलाबाईची, भिमाजीच्या बायकोची, कारण हट्ट तिचा. पाटी डोक्यावर घेऊन पाण्याला वळसा घालण्यात तिची मान आणि गुडघे दोन्ही कामातून गेले होते. नाशिकचे एक हौशी डॉक्टर आपली जुनी बोट विकायला काढताहेत असं कळलं, तेव्हा तिनेच बायकांच्या मागे लागून ती घ्यायला लावली. डॉक्टरांनी ती इतक्या आनंदाने का दिली, ते आठवड्याभरात समजलं. मागे टांगलेलं इंजिन म्हशीएवढं आणि तहानही म्हशीचीच. प्लग काळे पडत. पाण्यात बुडालेल्या झाडांच्या खुंटांवर पंखा आपटे. सुटा भाग हवा असला तर थेट मुंबई. भिमाजी सायकलच्या ट्यूबचे वायसर कापून एक गळती बंद करी, तोवर दुसरी सुरू होई. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला, असं गटाची अध्यक्ष कुसाबाई आता तोंडावर म्हणायला लागली होती.

आज तर तिने निघण्याआधी पांढऱ्या कॅनवर कोळशाने रेघच ओढली होती, बरोबर मध्यावर.

“ही शेवटची परीक्षा समज, फुला,” ती म्हणाली. “बाजाराची निम्मी कमाई हीच गिळती. रेघेच्या आत पोचलो तर ठीक. नाय तर सोमवारी मनमाडचा भंगारवाला येतोय.”

फुलाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. “ऐकलं ना?”

“अगं, सारी नोकरी एसटीत गेली माझी. डिझेल वाचवण्यात डेपोत पैला नंबर. मला नको शिकवू.”

ते खोटं नव्हतं. उतार लागला की गाडी न्यूट्रलला टाकायची आणि मैलभर फुकट पळवायची, ही त्याची विद्या. साहेब नियमाबद्दल रागवायचे, पण आकडे बघून गप्प बसायचे. ती सवय त्याच्या हाडात मुरली होती.

इंजिन खोकलं, निळा धूर सोडला आणि धावायला लागलं. बोटीचं तोंड वर उचललं गेलं, मागे पाण्याचा मोठा डोंगर उठला. फुलाबाई ना पाणी बघत होती ना काठ. तिचे डोळे कॅनवर होते. आतलं पेट्रोल डोळ्यांदेखत उतरत होतं. एवढं तर आपली म्हातारी सासूही चहा पीत नव्हती, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. कुठून ही बुद्धी सुचली होती?

पलीकडचा काठ जवळ आला. उभी जीप दिसायला लागली. पेट्रोल रेघेच्या बोटभर वर होतं. भिमाजीने एकवार रेघेकडे पाहिलं, एकवार काठाकडे, आणि खाडकन इंजिन बंद केलं.

“आता उरलेलं अंतर फुकटात!”

एकदम शांत झालं. फुलाबाई हसली. किती दिवसांनी हसली. कुसाबाईसुद्धा “बरं बाबा” म्हणाली.

बोट थबकली. पण तिने मागे उठवलेली लाट थबकली नाही. ती तशीच धावत आली आणि इंजिनाच्या बाजूने, जिथे बोटीचा काठ सगळ्यात बुटका होता, तिथून आत चढली. एका दमात बोट गुडघाभर भरली आणि मागून खाली बसायला लागली. तिसरी बाई, मैना, किंचाळत बाहेर पडली आणि छातीभर पाण्यात उभी राहिली. कुसाबाई तिच्या मागोमाग उतरली. फुलाबाईचं लुगडं फळीच्या खिळ्यात अडकलं. पाट्या उलटल्या, घेवडा तरंगायला लागला आणि पाणी तिच्या गळ्याशी आलं.

“अहो! हात द्या!”

भिमाजी बाकावर उभा होता. त्याने इंजिनाला जाणारी नळी उपसून कॅन दोन्ही हातांनी डोक्यावर धरला होता.

“थांब थांब, पानी जाईल यात!”

कुसाबाईनेच शेवटी तिचा दंड धरून ओढलं. लुगडं टरकलं आणि ती सुटली.

काठावर येईपर्यंत जीप निघून गेली होती. पाण्याबाहेर बोटीचं फक्त नाक उरलं होतं. इंजिन तळाच्या चिखलात गेलं होतं. भंगारवाल्याचं नाव कुणी काढलं नाही, काढायची गरजही नव्हती. फुलाबाईला रडू येत नव्हतं. राग मात्र इतका आला होता की तो ठेवावा कुठे, तेच तिला कळत नव्हतं.

“रेघेच्या वरच हाय,” भिमाजी कॅन हलवून कुसाबाईला दाखवत म्हणाला. कुसाबाईने तिकडे बघितलंही नाही.

फुलाबाईने पदर पिळला. त्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली. नवऱ्याच्या हातातला कॅन घेतला, चुंबळीवर चढवला आणि पाण्याला वळसा घालून गावाकडे जाणाऱ्या वाटेला लागली.

“दे इकडं, मी घेतो,” भिमाजी घाईघाईने मागे येत म्हणाला.

“राहू द्या,” ती मागे न बघता म्हणाली. “तुमचे हात दुखले असतील.”